दूध तोडलेल्या पिल्लांना तेल: कोणतं, किती आणि कधी

पुण्याजवळ यवतच्या पुढे आमचा डुकरांचा फार्म आहे. पहिल्या वर्षी डिसेंबरात मी चौदा पिल्लं एकाच दिवशी आईपासून तोडली. पाचव्या दिवशी पहाटे कप्पा धुवायला गेलो, तर फरशीवर राखाडी, चिकट, चकाकणारी विष्ठा पडलेली. पाण्याचा पाइप मारला तरी सुटेना, बोटाला साबणासारखी बुळबुळीत लागे. पातळ जुलाब नव्हते, ताप नव्हता. पण पिल्लांच्या पाठीचा कणा हाताला लागायला लागला होता, आणि फीडरमधलं खाद्य जवळपास तसंच होतं. थंडीत ताकद यावी म्हणून त्या खाद्यात मी पाच टक्के पाम तेल घातलं होतं. पैसा खर्च करून मी पिल्लांच्या पोटात न पचणारी वस्तू ढकलत होतो, हे कळायला मला दोन वेतं लागली.

आता नवीन वराहपालक भेटला की मी त्याला आधी हेच सांगतो. तेल ताकद देतं हे खरं आहे, पण पचलं तर. आणि दूध तोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे पिल्लाचं पोट तेल नीट पचवण्याच्या स्थितीतच नसतं. पुढे लिहिलेलं सगळं या दोन आठवड्यांभोवती फिरतं.

आईच्या दुधात एवढा स्निग्धांश असतो, तो कसा पचतो?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, आणि तो रास्त आहे. मादीच्या दुधातलं पाणी काढून टाकलं, तर उरलेल्या कोरड्या भागात ३५ ते ४० टक्के स्निग्धांश असतो. पिल्लू तो ९५ टक्क्यांहून अधिक पचवतं. मग तीन टक्के सोया तेलाने काय बिघडतं?

फरक रूपात आहे. दुधातला स्निग्धांश अतिशय बारीक थेंबांमध्ये दुधात मिसळलेला असतो, पोटात गेल्यावर तो फोडायला फार कष्ट पडत नाहीत. खाद्यातलं तेल भरड्याला चिकटून येतं आणि पोटात पाण्यावर तरंगतं. तूप लागलेलं पातेलं गार पाण्याने धुऊन बघा, तूप जागचं हलत नाही. कोमट पाणी आणि साबण लागतो. पिल्लाच्या आतड्यात साबणाचं काम पित्त करतं. पित्ताने तेलाचे बारीक थेंब झाले की स्वादुपिंडातून आलेलं लायपेज नावाचं पाचकद्रव्य त्यांचे तुकडे करतं. ते तुकडे पित्तासोबत सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात आतड्याच्या भिंतीपर्यंत पोचतात आणि तिथे शोषले जातात. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, शोषण त्यांच्यावर होतं.

दूध तुटलं की या साखळीची एकेक कडी ढिली होते. आई गेली, जागा बदलली, अनोळखी पिल्लं आली, चव बदलली. पिल्लू खातच नाही. काही पिल्लं पहिले २४ तास तोंड लावत नाहीत, एखादं तर ४८ तासही तसंच राहतं. पोट रिकामं राहिलं की दोन-तीन दिवसांतच ते मखमली उंचवटे झिजून आखूड होतात. पहिल्या आठवड्यात लायपेजही घटतं आणि पूर्वपदावर यायला दोन-तीन आठवडे घेतं. म्हणजे ज्या दिवशी आपण पिल्लाला नव्या प्रकारचं तेल देतो, नेमकी त्याच वेळी ते पचवणारी यंत्रणा सर्वात दुबळी असते.

आकड्यांत सांगायचं तर, चरबीसारखा गोठणारा स्निग्धांश पहिल्या आठवड्यात साधारण दोन-तृतीयांश पचतो, आणि मक्याच्या तेलासारखं पातळ वनस्पती तेल तीन-चतुर्थांशाच्या थोडं पुढे. चौथ्या आठवड्यापर्यंत दोन्ही ८० टक्क्यांच्या वर जातात आणि त्यांच्यातलं अंतरही कमी होतं. न पचलेलं तेल मोठ्या आतड्यात गेलं की त्यापासून पिल्लाला ऊर्जा मिळत नाही. पिष्टाचं तसं नाही. ते न पचता पुढे गेलं तरी तिथले जिवाणू ते आंबवतात आणि त्यातून थोडं काही पदरात पडतं. तेल मात्र सरळ फरशीवर येतं.

पहिली पायरी: तेलाआधी पोट चालू करा

पिल्लू खायला लागलं नाही, तर कोणतंही तेल कामाचं नाही. त्यामुळे सुरुवात दूध तोडण्याच्या आधीपासून करावी लागते. पिल्लं सात ते दहा दिवसांची झाली की आईच्या कप्प्यातच, पण आईचं तोंड पोचणार नाही अशा कोपऱ्यात, दिवसातून तीन-चार वेळा मूठमूठ खाद्य ठेवा. उरलेलं काढून टाका. सुरुवातीला ती खाण्यापेक्षा उकरतातच जास्त. उकरू द्या, ओळख होते.

दूध किती दिवसांनी तोडायचं? मोठे फार्म २१ ते २८ दिवसांनी तोडतात. त्यांच्याकडे तापमान सांभाळणारी शेड आणि दूध पावडरीवर आधारलेलं महागडं खाद्य असतं. आमच्यासारख्या वीस-तीस माद्यांच्या फार्मवर मी ३५ ते ४२ दिवसांच्या आधी तोडायचा सल्ला देत नाही. पिल्लू आठ किलोच्या आसपास असावं. वजन जास्त असेल तर पोटही जास्त तयार असतं.

तोडल्याच्या दिवशी सर्वात आधी पाणी. निपलखाली मापाचं भांडं धरून मिनिटाला अर्धा लिटर येतं का ते पाहा. कमी आलं की पिल्लू पाणी कमी पितं, आणि पाणी कमी प्यायलं की खाणंही कमी होतं. मग खाद्य. पहिले तीन-चार दिवस एक भाग खाद्यात दोन भाग कोमट पाणी घालून पेज करा, उथळ घमेल्यात ओता आणि दिवसातून पाच-सहा वेळा थोडी थोडी द्या. सगळ्या पिल्लांना एकदम तोंड घालता येईल एवढं घमेलं मोठं हवं, कारण आईपाशी सगळी एकदम पिण्याची त्यांना सवय असते. उरलेली पेज दोन-तीन तासांत फेकून द्या. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा तर तासाभरात आंबूस वास येतो.

थंडीबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं, कारण मी चुकलो तिथेच. डिसेंबर-जानेवारीत पुण्याच्या आसपास पहाटे पारा १०-१२ अंशांवर येतो, कधी त्याखालीही. नुकत्याच तोडलेल्या पिल्लाला अंगाभोवती २८ अंशांच्या आसपास ऊब लागते. ही दरी तेलाने भरून निघत नाही, कारण त्या दिवसांत पिल्लू तेल नीट पचवतही नाही आणि पुरेसं खातही नाही. ऊब बल्बने द्या, गोणपाटाच्या पडद्यांनी द्या, फरशीवर फळ्या टाकून त्यावर कोरडा भुसा पसरून द्या. रात्री अकराला टॉर्च घेऊन एक फेरी मारा. पिल्लं एकावर एक ढीग करून झोपली असतील तर गार आहे, पसरून कुशीवर पडली असतील तर ठीक आहे.

दुसरी पायरी: तेल निवडणं

तेल ज्या स्निग्ध आम्लांचं बनलेलं असतं, ती ढोबळमानाने दोन गटांत पडतात. पातळ राहणारी, म्हणजे असंपृक्त, आणि गोठणारी, म्हणजे संपृक्त. लहान पिल्लाचं पित्त पहिल्या गटाला चटकन सामावून घेतं. गोठणाऱ्या लांब साखळीच्या आम्लांना ते जड जातं. शिवाय आतड्यात कॅल्शियम जास्त असेल तर ही आम्लं त्याला चिकटून खरोखरचा साबण तयार होतो आणि तो विष्ठेवाटे बाहेर पडतो. माझ्या फरशीवरची बुळबुळीत चिकटी ती हीच. त्यात तेलही जातं आणि कॅल्शियमही.

म्हणून माझी पहिली पसंती शुद्ध, ताज्या सोया तेलाला. त्यात संपृक्त भाग जेमतेम १५ टक्के असतो, आणि पिल्लाला शरीरात तयार न करता येणारं लिनोलेइक आम्ल निम्म्याहून अधिक. सूर्यफूल आणि मक्याचं तेलही चांगलं, भाव परवडला तर. राइस ब्रान तेल चालतं.

खोबरेल हा अपवाद आहे आणि तो समजून घेण्यासारखा आहे. ते जवळजवळ ९० टक्के संपृक्त. डिसेंबरात बाटलीत पांढरं दगड होतं, उन्हात ठेवलं की पुन्हा पातळ. या हिशोबाने ते पिल्लाला जड जायला हवं. पण त्यातला मोठा भाग मध्यम लांबीच्या साखळ्यांचा असतो. त्यांना फारसं पित्त लागत नाही, त्या शोषल्या जाऊन सरळ यकृताकडे जातात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात खोबरेल चांगलं पचतं. अडचण फक्त किमतीची. माझ्याकडे एखाद्या वेतातली पिल्लं फारच लहान असली तर त्या आठवड्यात निम्मं सोया तेल, निम्मं खोबरेल वापरतो. एरवी नाही.

पाम तेल आणि वनस्पती तूप पहिले तीन आठवडे नको. पामतेलात जवळजवळ निम्मा भाग संपृक्त असतो. थंडीत त्याच्या गुठळ्या होतात आणि भरड्यात मटारएवढे गोळे राहतात. एका पिल्लाच्या तोंडात दोन गोळे गेले, दुसऱ्याच्या तोंडात एकही नाही.

आमच्या भागात घरटी गाई आहेत, त्यामुळे शेजारी प्रेमाने सांगतात, “दादा, आमच्याकडं बायपास फॅटची गोणी आहे, पिल्लांना टाका की चार मुठी.” टाकू नका. बायपास फॅट म्हणजे पामच्या आम्लांचं कॅल्शियमशी बांधलेलं रूप. गाईच्या पहिल्या पोटात विरघळू नये आणि पुढे जाऊन पचावं म्हणून ते तसं बनवलेलं असतं. डुकराला पोट एकच. त्याच्यासाठी हे गोठणारं पाम आम्लच, वर कॅल्शियमचा बोजा. गाईला अमृत असलं तरी पिल्लाला ते नको.

आता तळणीच्या तेलाबद्दल. शहराला एवढ्या जवळ असल्यामुळे वडे-भज्यांच्या गाड्यांवरचं आणि हॉटेलांतलं काळं तेल डब्याने स्वस्तात मिळतं. एफएसएसएआयच्या, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमाने तेलातले एकूण पोलर घटक (तळून तळून तेल बिघडल्यावर तयार होणारे) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते माणसांच्या स्वयंपाकाला चालत नाही. हा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. जे तेल माणसाला चालत नाही ते तीन दिवसांपूर्वी आईपासून तुटलेल्या पिल्लाला कसं चालेल? पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन ते घट्ट होतं, पचायला अवघड होतं. खवटपणामुळे पिल्लू खाणं कमी करतं आणि त्याच्या शरीरातलं ई जीवनसत्त्व खर्ची पडतं. त्यात आणखी एक फसगत आहे. प्रयोगशाळेत खवटपणा मोजायला पेरॉक्साइड व्हॅल्यू काढतात. फार तळलेल्या तेलात पेरॉक्साइड पुढे मोडून जातात, त्यामुळे हा आकडा कमीही येऊ शकतो. म्हणजे रिपोर्ट चांगला आला तरी तेल वाईट असू शकतं.

कत्तलखान्यातली चरबी किंवा मांस असलेलं हॉटेलचं उष्टं, तेही नको, पचनापलीकडच्या कारणासाठी. आफ्रिकन स्वाइन फिव्हर हा डुकरांचा जीवघेणा विषाणूजन्य रोग भारतात पहिल्यांदा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात सापडला. तो अशा उष्ट्यातून पसरतो, आणि त्यावर आपल्याकडे औषधही नाही, लसही नाही. एक डबा अख्खा फार्म रिकामा करू शकतो.

नवीन डबा उघडला की मी थोडं तेल तळहातावर चोळून कोमट करतो आणि वास घेतो. जुन्या शेंगदाण्याचा, रंगाचा किंवा मासळीचा वास आला तर तो डबा पिल्लांना नाही. मोठी खरेदी असेल तर नमुना तपासायला द्या. मुक्त आम्लं, ओलावा आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू या तीन गोष्टी बघा. पेरॉक्साइड व्हॅल्यू १०च्या आत असणं हा नेहमीचा निकष, पिल्लांसाठी मी ५च्या वर घेत नाही.

तिसरी पायरी: किती

माझं वेळापत्रक साधं आहे. दूध तोडल्यापासून पहिले १४ दिवस वरून घातलेलं तेल जास्तीत जास्त दीड टक्का. पंधराव्या दिवसापासून दोन टक्के. सगळ्या पिल्लांची विष्ठा बांधलेली असेल तर एकविसाव्या दिवसापासून तीन. तीनच्या वर मी २० किलो वजनापर्यंत जात नाही. मक्यात स्वतःचं साडेतीन टक्क्यांच्या आसपास तेल असतं हे विसरायचं नाही.

पहिल्या टप्प्याचं, म्हणजे पहिल्या १४ दिवसांचं, माझं १०० किलोचं खाद्य असं:

मका ५२.४५ किलो
सोया डीओसी (तेल काढलेली सोयाबीन पेंड) २२ किलो
चांगल्या प्रतीची फिश मील ५ किलो
व्हे पावडर (चीज-पनीरच्या निवळीची भुकटी) १२ किलो
साखर ४ किलो
सोया तेल १.५ किलो
डीसीपी (डायकॅल्शियम फॉस्फेट) १.२ किलो
चुनखडी पावडर ३०० ग्रॅम
मीठ ३०० ग्रॅम
लायसिन (प्रथिनं ज्यांची बनतात त्या अमिनो आम्लांपैकी एक) ४५० ग्रॅम
मेथिओनिन १५० ग्रॅम, थ्रिओनिन १५० ग्रॅम (हीही अमिनो आम्लं)
जीवनसत्त्व-खनिज मिश्रण ५०० ग्रॅम (पाकिटावरचं प्रमाण वेगळं असेल तर तेवढा फरक मक्यात करा)

यात प्रथिनं १९ टक्क्यांच्या थोडी वर, एकूण लायसिन १.४ टक्के, एकूण स्निग्धांश ४ टक्के आणि कॅल्शियम पाऊण टक्क्याच्या जरा वर येतं. चुनखडी मुद्दाम कमी ठेवली आहे. ती जास्त झाली की पोटातलं आम्ल मारते आणि वर सांगितलेला साबणही वाढवते. ‘हाडं मजबूत होतील’ म्हणून मूठभर चुनखडी वाढवणारे बरेच जण आहेत, त्यांनी या वयात हात आखडावा. व्हे पावडरमधल्या दुधाच्या साखरेने पिल्लं खायला लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत तेलावर खर्च करायचे पैसे मी व्हे पावडरवर घालतो, आणि या निर्णयाचा मला कधी पश्चात्ताप झालेला नाही.

दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे पंधराव्या दिवसापासून, व्हे पावडर आणि साखर काढा. मका ६२ किलोंच्या आसपास, सोया डीओसी ३०, फिश मील २, तेल ३ (एकविसाव्या दिवसापर्यंत २) आणि लायसिन ३०० ग्रॅम. फिश मील कमी झाली म्हणून डीसीपी १.३ किलो आणि चुनखडी ४०० ग्रॅम. एकूण लायसिन १.३ टक्क्यांच्या आसपास राहतं.

लायसिनबद्दल एक हिशोब समजून घ्या, कारण इथे बरेच जण फसतात. बाजारातून तयार स्टार्टर खाद्य आणायचं आणि वरून तेल ओतायचं, असं सर्रास चालतं. समजा त्या १०० किलोंत लायसिन १.३ टक्के आणि किलोमागे ३३०० किलोकॅलरी आहेत. तुम्ही ४ किलो तेल ओतलंत. आता खाद्य १०४ किलो झालं. लायसिन उतरून १.२५ टक्क्यांवर आलं आणि ऊर्जा चढून साधारण ३५०० वर गेली. पिल्लू ऊर्जा पुरेशी झाली की खाणं थांबवतं. म्हणजे दर हजार किलोकॅलरीमागे आधी त्याला ३.९ ग्रॅम लायसिन मिळत होतं, ते ३.६वर आलं. नऊ टक्के घट. जीवनसत्त्वं, फॉस्फरस, सगळंच त्या प्रमाणात पातळ झालं. अशी पिल्लं गोल दिसतात, पण पाठीवर मांस भरत नाही. तेल वाढवलं की लायसिनही वाढवावं लागतं. तयार खाद्यात वरून तेल घालायचंच असेल तर आधी खाद्य देणाऱ्याशी बोला.

पैशांचाही विचार करू. समजा तेल १४० रुपये किलो आणि मका २४. तेलातून किलोला साधारण ८५०० किलोकॅलरी मिळतात, मक्यातून ३३५०. म्हणजे हजार किलोकॅलरी तेलातून साडेसोळा रुपयांना पडतात आणि मक्यातून सात रुपयांना. आणि हे तेल पूर्ण पचलं असं धरून. आजचे भाव घालून हा भागाकार स्वतः करा. आपल्याकडे तेल ही स्वस्त ऊर्जा नाही. लहान पोटात कमी जागेत जास्त ऊर्जा बसते, धूळ बसते, चव येते आणि गरजेची आम्लं मिळतात, या कारणांसाठी ते घालायचं. नुसती ऊर्जा हवी असेल तर मका बारीक दळा.

बारीक दळण्याला फार महत्त्व आहे. मक्याचं तेल त्याच्या कोंबात बंदिस्त असतं. दाणा जाड राहिला तर ते तेल तसंच बाहेर पडतं. चक्कीला ३ मिलिमीटरची किंवा त्याहून बारीक जाळी लावा. विष्ठेत पिवळे कण दिसले की जाळी फाटली आहे असं समजा.

घरचं सोयाबीन, मिलचा कोंडा

जिल्ह्यात अनेकांच्या घरी सोयाबीन असतं, त्यात १८ ते २० टक्के तेल. १० किलो सोयाबीन घातलं की पावणेदोन-दोन किलो तेल आलंच, वर उत्तम प्रथिनंही. पण कच्चं कधीच नाही. त्यातले घटक प्रथिनांचं पचन अडवतात, पिल्लू खाऊनही खंगतं. भाजलेलं किंवा त्याहून चांगलं म्हणजे एक्सट्रूड केलेलं (यंत्रात दाब आणि उष्णतेने शिजवलेलं) वापरा आणि तेही पंधरा दिवसांनंतर. भाजताना दाणा आतून तांबूस व्हायला हवा. वरून करपला आणि आतून हिरवट राहिला तर उपयोग नाही. भाजलेलं सोयाबीनही बारीक दळावं लागतं, नाहीतर तेल दाण्यातच अडकून राहतं.

मावळ, मुळशी, भोरकडच्या भातगिरण्यांतून राइस पॉलिश, म्हणजे तांदळाचा बारीक कोंडा, स्वस्त मिळतं आणि त्यात १२ ते १५ टक्के तेल असतं. पण त्यात तेल फोडणारं लायपेजही असतं, त्यामुळे गिरणीतून निघाल्यापासून काही दिवसांतच ते खवट होतं. मोठ्या जनावरांना ताजं द्या. पिल्लांना नको, तंतूही जास्त आणि भरवसाही नाही. शेंगदाणा पेंडीत अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची भीती, सरकी पेंडीत गॉसिपॉल या सरकीतल्याच विषारी घटकाची. दोन्ही या वयात बाजूला ठेवा.

चौथी पायरी: मिसळणं आणि साठवणं

दीड किलो तेल १०० किलोंत सारखं पसरवणं वाटतं तेवढं सोपं नाही. हाताने मिसळत असाल तर १० किलो दळलेला मका वेगळा घ्या, त्यावर कोमट तेलाची बारीक धार सोडा आणि रवा तुपात चोळावा तसा दोन्ही तळव्यांत चोळा. गोळे राहिले तर जाड चाळणीतून काढून पुन्हा चोळा. लायसिन, मीठ, जीवनसत्त्वं असे थोडक्या प्रमाणातले पदार्थ वेगळ्या ५ किलो कोरड्या मक्यात मिसळा. मग ताडपत्रीवर सगळं एकत्र करून ढीग तीन-चार वेळा इकडून तिकडे फिरवा. जीवनसत्त्वांच्या पुडीवर थेट तेल ओतू नका, गुठळ्या होतात. शिवाय त्या मिश्रणातलं तांबं आणि लोह तेलाला लवकर खवट करतं. मिक्सर यंत्र असेल तर आधी सगळं कोरडं फिरवा, तेल शेवटी.

तेलाचा डबा सावलीत, झाकण घट्ट. पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तेल ठेवू नका. जुन्या डब्यात उरलेल्या तेलावर नवीन तेल ओतायची सवय मोडा. तळाशी राहिलेलं खवट तेल विरजणासारखं काम करतं, ताज्या तेलालाही आपल्यासारखं करून टाकतं. मिसळलेलं खाद्य दहा-बारा दिवसांचंच बनवा, पावसाळ्यात आठवड्याचं. तेल वाढवलं की ई जीवनसत्त्वही वाढवायला हवं, किती ते मिश्रण देणाऱ्याला विचारा.

लेसिथिनसारखे तेल फोडणारे पदार्थ आता पाकिटांत मिळतात. काही ठिकाणी फायदा दिसतो, काही ठिकाणी नाही. ऊब, पाणी, बारीक दळण आणि ताजं तेल या चार गोष्टी जागेवर आल्याशिवाय मी कुणाला ते विकत घ्यायला सांगत नाही.

पाचवी पायरी: फरशी वाचायला शिका

रोज सकाळी झाडू लावण्याआधी विष्ठा पाहा. बांधलेली, तपकिरी असेल तर वेळापत्रकाप्रमाणे पुढे चला. फिकट राखाडी, चकाकणारी, चिकट असेल आणि पिल्लू चपळ असेल, तर तेलाचा संशय घ्या. आधीच्या टप्प्यावर या आणि चार दिवस तिथेच थांबा. थोडी विष्ठा वर्तमानपत्राच्या तुकड्यावर ठेवून तासाभराने पाहा. भोवती तेलकट कडं उमटलं तर संशय बळावतो. हा ढोबळ अंदाज झाला, तपासणी नव्हे.

पण पाण्यासारखे पिवळे जुलाब, खोल गेलेले डोळे, मलूल पिल्लू, हे तेलाचं लक्षण नाही. दूध तोडल्यावर पहिल्या आठवड्यात ई. कोलाय या जिवाणूचा संसर्ग फार होतो आणि पिल्लू दिवसभरात जाऊ शकतं. तेल कमी करत बसू नका. ओआरएसचं पाणी पाजा, ऊब वाढवा आणि लगेच पशुवैद्यकांना बोलवा. औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविक आणून खाद्यात मिसळू नका. पूर्वी अशा वेळी सर्रास दिलं जाणारं कोलिस्टिन हे प्रतिजैविक अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत वापरायला जुलै २०१९ पासून बंदी आहे. पिल्लं एकामागून एक मरायला लागली तर मेलेलं पिल्लू पुरण्याआधी पुण्यातल्या औंधच्या पशुरोग अन्वेषण विभागाकडे चौकशी करा. आहाराचा प्रश्न असेल तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय पुण्याहून तासा-दीड तासावर आहे. जाताना खाद्याचा अर्धा किलो नमुना आणि तुमचं मिश्रणाचं प्रमाण लिहून न्या, म्हणजे बोलणं नेमकं होतं.

वजन दर सात दिवसांनी, एकाच वेळी, सकाळी खाण्याआधी. गोणीत घालून ताणकाट्याला लटकवलं तरी चालतं. पहिल्या आठवड्यात पिल्लू दिवसाला दीडशे ते अडीचशे ग्रॅम खातं आणि वजन जेमतेम वाढतं. उतरू मात्र नये. उतरलं तर तेल, लायसिन यांच्यामागे न लागता पाणी आणि ऊब पुन्हा तपासा.

आमच्याकडे कप्प्याच्या दारावर एक पुठ्ठा टांगलेला असतो. त्यावर दूध तोडल्याची तारीख, त्या दिवशीचं सरासरी वजन आणि तेल वाढवायच्या दोन तारखा लिहिलेल्या असतात. शेजारी रोजच्या विष्ठेसाठी एक खूण, बांधलेली असेल तर टिंब, सैल असेल तर आडवी रेघ. सलग तीन टिंबं नसतील तर तेल वाढवायची तारीख आली तरी वाढवायचं नाही, एवढा एकच नियम मी कामावरच्या मामांना घालून दिला आहे. गेल्या थंडीत एका कप्प्याची तारीख आम्ही दोनदा पुढे ढकलली. त्या पिल्लांना तीन टक्के तेल अठ्ठाविसाव्या दिवशी सुरू झालं.